लेझरवाल्या मुलाच्या मागावरची माणसं

मु. पो. कुसगाव, ता. मावळ
मार्गशीर्ष, सोमवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर हौशीरामचं डोकं, आणि ताईला नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक म्हणावे असे आहोत. तिकडचं ठीक असणं मात्र तुम्ही स्वतःच्या अक्षरात कळवाल तेव्हाच मी धरीन, कारण फोनवर ताई कायम सगळं ठीकच सांगते. तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्याचा डॉक्टर आणि त्याच्या जिन्याखालचा औषधवाला या दोघांचं आडनाव एकच आहे असं ताई बोलता बोलता म्हणाली, तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. सौ. सविताही तुमची आठवण काढते. निदान तसं म्हणते तरी.

या काळात कागदावर पत्र कसलं, असं तुम्ही म्हणाल. दाजी, मी फोन केला की ताई तो स्पीकरवर ठेवते आणि शेजारी प्रेरणा भाजी निवडत बसलेली असते. मेसेज पाठवला तर दोन निळ्या खुणा उमटतात, पण वाचला कुणी ते कळत नाही. म्हणून हे पाकीट माऊलीच्या पिकअपमधून पाठवतोय. माऊली आमच्या शेजारचा, टोमॅटो आणायला नारायणगावला तुमच्या दारावरूनच जातो. पाकीट डिंकानं चिकटवून वर टेप लावली आहे. टेप सरकलेली दिसली तर त्याला चहा विचारू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही दिवाळीनंतर मला सांगितलं होतं की, हौशीराम, इंदुरीच्या मारुतरावांच्या मुलाचं, सत्यमचं, स्थळ आपल्या प्रेरणासाठी आलंय, पोरं एकमेकांना भेटलीत, तिला मुलगा पसंत आहे, पण तू तुझ्या पद्धतीनं चौकशी कर आणि मग आपण होकार कळवू. (प्रेरणाला पसंत आहे याला मी फारसं महत्त्व दिलं नाही. तिला लहानपणी आमच्या गोठ्यातला खेकसणारा बोकडही पसंत होता.) चौकशीसाठी तुम्ही माझी निवड केलीत हे योग्यच केलंत. आपल्या सगळ्या भावकीत या कामाला मलाच बोलावतात, कारण मी मुलाला भेटत नाही. मुलगा स्वतःबद्दल खरं सांगेल ही कल्पनाच मला मान्य नाही. मी त्याच्या आजूबाजूच्यांना भेटतो, तेही मुलीकडचा आहे हे न सांगता, काहीतरी दुसरंच निमित्त काढून. हा धडा मला माझ्या धंद्यानं दिला आहे. मी कुसगावात लोकांचे बंगले सांभाळतो आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं देतो. पाहुणे फोनवर सांगतात, आठ जण आहोत, घरगुती आहोत. मी दारातल्या चपला मोजतो. बावीस जोड निघतात. घरगुती माणसं कशी होती ते सोमवारी सकाळी खोल्या उघडल्यावर समजतं, भिंतीवर काय उडालंय आणि खुर्ची कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडलीय त्यावरून. त्यांना विचारून आजवर मला काही कळलेलं नाही.

तर सत्यमचा बायोडाटा तुम्ही पाठवला होता तो मी समोर घेऊन बसलो. वर गणपती, खाली उंची, रास, गोत्र, इथपर्यंत ठीक. पुढे व्यवसाय या शब्दासमोर लिहिलेलं, संशोधन. विषय, लेझर प्रकाशाच्या साहाय्याने अणू आणि रेणू यांच्या टकरींचा अभ्यास. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. लेझर मला ठाऊक आहे. पाहुण्यांच्या पोरांनी बंगल्याच्या गच्चीवरून तो हिरवा झोत सोडला आणि समोरच्या गल्लीतली म्हैस बिथरली, त्याचं भांडण मी मिटवलेलं आहे. अणूबद्दलही मी ऐकून आहे, आणि जे ऐकलंय त्यात चांगलं काही नाही. पण हे दोन्ही एकत्र करून टकरी बघायच्या, आणि त्याला नोकरी म्हणायचं? टकरीच बघायच्या होत्या तर एक्स्प्रेसवे घरापासून हाकेच्या अंतरावर होता, तिथे फुकटात दिसतात. बरं, ही नोकरी कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणाआड. पाटीवर संस्थेचं नाव इतकं लांब की मोटारसायकल हळू केली तरी वाचून होत नाही. ज्यांना आपलं नाव लोकांना कळू द्यायचं असतं ते इतकं लांब नाव ठेवत नाहीत.

मी कामाला लागलो. मुलगा कामशेतला बिस्मिल्ला मावशींच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, म्हणून पहिल्यांदा तिथे. सफारी घातली, केस तेल लावून चापून बसवले आणि बँकेतून कर्जाच्या पडताळणीला आलोय असं सांगितलं. सवयीनं आधी दारातल्या चपला मोजल्या (ठीक होत्या). मावशी तांदूळ पाखडत बसल्या होत्या. या दिवसांत कामशेतला कुणाच्याही दारात गेलं तरी नवा इंद्रायणी तांदूळ पाखडणंच चालू असतं, त्यामुळे लोक बोलतात भरपूर आणि बघतात मात्र सुपात. मावशींनी सांगितलं, “पोरगं लय गुनाचं हाय. दारू न्हाई, बिडी न्हाई. निस्ता ऐतवारी कामावं जातो, सुट्टीच्या दिशी. का जातो त्ये इचारलं न्हाई आपण.” बघा, दाजी. रविवारी कामावर. सरकारी पगार घेणारा माणूस सुट्टीच्या दिवशी आपणहून कामावर जातो, यावर तुमचा विश्वास बसतो का? निघताना मी नेहमीप्रमाणे म्हणालो, मी आलो होतो हे कुणाला बोलू नका.

दोन दिवसांनी चौकातल्या धोंडिबाच्या चहाच्या टपरीवर विमा कंपनीचा माणूस म्हणून गेलो. लाल हेल्मेट घातलेलं होतं, ते काढलं नाही, त्यामुळे चहा पिताना जरा त्रास झाला. मग प्रदीपच्या किराणा दुकानात, पासपोर्टच्या पडताळणीच्या निमित्तानं, काळा चष्मा लावून. (मी पोलीस आहे असं मी म्हणालो नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्यानं विचारलं तेव्हा मी फक्त हसलो.) शेवटी त्या संस्थेच्या फाटकावर, पहारेकरी गेणूकडे, तपकिरी मफलर गुंडाळून पेपरवाला म्हणून. चौघांना एकच प्रश्न, रविवारी हा काय करतो? आणि चौघांना शेवटी एकच विनंती, मी आलो होतो हे बोलू नका. हाती काही लागलं नाही. धोंडिबा म्हणाला पोरगं कधीमधी वर्तमानपत्राच्या कडेला गोल गोल काढत बसतं. प्रदीप म्हणाला तो लिंबू सरबताची पुडी नेतो. गेणू म्हणाला आत अंधार करून बसतात, एवढंच ठाऊक. अंधार, गोल आणि लिंबू. तुम्हीच सांगा मला काय वाटायला हवं होतं.

इतक्यावर थांबलो असतो तर पत्राची ही दुसरी पानं लिहावी लागली नसती. पण दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा बँकवाला होऊन बिस्मिल्ला मावशींकडे गेलो. मावशींनी या खेपेला सूप बाजूला ठेवलं, मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “भाऊ, तुमी तरी बँकंचं, सरळ मानूस. पर ह्या पोराच्या मागं लय मोठी मानसं लागल्यात. मुंबईचा येक सायब येऊन धोंडिबाला दम देऊन गेला. दिल्लीचा शीआयडी परदीपच्या दुकानात दोन तास बसलावता. आन टीव्हीवालं गाडी घेऊन गेटावं आलतं, गेण्याचा फोटू काढलान. समदी जाताना म्हनत्यात, कुनाला बोलू नका.”

दाजी, विचार करा. बँकवाला खोटा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मी होतो. पण मुंबई? दिल्ली? टीव्ही? माझ्या संशयाला आजवर एवढा मोठा दुजोरा कधी मिळाला नव्हता. आणि त्यांची पद्धतही हुबेहूब खात्यातल्या माणसांसारखी, जाताना गप्प राहायला सांगण्याची. मला तर क्षणभर अभिमानच वाटला, की आपण स्वतःच्या अकलेनं जी पद्धत काढली तीच दिल्लीतही शिकवतात. मी मावशींना म्हणालो, काळजी घ्या, दार नीट लावत जा. (हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढे येईल.)

आता मात्र मुलाला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. तुम्हाला नकार कळवायला नुसता संशय पुरला असता, पण प्रेरणाला कारण सांगायचं तर काहीतरी दाखवायला हवं होतं. ती माझ्याकडे बघून, मामा, पुरावा काय, असं विचारते तेव्हा अंगावर काटा येतो. ही सवय तिला तुमच्याकडून लागली आहे. म्हणून काल रविवारी मी हेल्मेट, चष्मा, मफलर सगळं घरी खिळ्याला अडकवलं आणि स्वतःच्याच नावानं गेलो. अचानक गेलेला खरा माणूस ओळखायला सगळ्यात अवघड असतो. गेणूनं मला ओळखलं नाही. प्रेरणाचा मामा आलाय असा आत निरोप गेला आणि पाचव्या मिनिटाला पोरगा पळत फाटकावर आला, वाकून पाया पडला. इतक्या चटकन पाया पडणाऱ्यांवर माझा विश्वास नसतो, पण तेवढ्यात त्यानं माझ्या चपलेचा सुटलेला बंदही नीट केला, त्यामुळे वाकण्याचं कारण नक्की कुठलं ते मला ठरवता आलं नाही.

पहिला प्रश्न मी रविवारचाच टाकला. तो म्हणाला, पलीकडे खडीचा क्रशर आहे, आठवडाभर जमीन थरथरते, आणि त्याचं टेबल इतकं नाजूक आहे की प्रकाश केसाएवढा हलला तरी दिवस वाया. रविवारी क्रशर बंद असतो. मी बाहेर जाऊन कान देऊन ऐकलं. क्रशर बंद होता. (एका रविवारी बंद असल्यानं काही सिद्ध होत नाही, पण नोंद असावी.) आणि ते लिंबू सरबत? ते अंधारात तासन्‌तास बसून घसा कोरडा पडतो म्हणून. त्यानं मलाही एक पेला दिला. आधी त्याला पिऊ दिलं, मग मी प्यालो.

आत नेण्याआधी त्यानं मला चष्मा घालायला लावला, नारिंगी काचांचा, आणि बजावलं की प्रकाश जिथून जातो तिथे डोकं खाली न्यायचं नाही. मग अंधार. एका मोठ्या लोखंडी टेबलावर शेकड्यांनी छोटे आरसे, आणि त्यांच्यावरून हिरवी रेघ या आरशावरून त्या आरशावर उड्या मारत चाललेली. टेबलाच्या शेवटी एक पोलादी पिंप, नटबोल्टांनी घट्ट आवळलेलं, खाली पंप गुरगुरतायत. त्यानं सांगितलं, या पिंपातली सगळी हवा उपसून काढली आहे, म्हणजे मधे कुणी आगंतुक नको. मग एका बाजूनं एका वायूची बारीक फुंकर सोडायची, दुसऱ्या बाजूनं आर्गनची. आर्गन म्हणजे वेल्डिंगवाले वापरतात तोच. दोन्हीकडचे कण मधोमध भेटतात आणि एकमेकांवर आपटतात. ते आपटणं दिसत नाही, कुठल्याही भिंगातून दिसायचं नाही. मग तुम्ही बघता काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, टकरीनंतर काय बाहेर पडतं ते. लेझरचा रंग इतका नेमका लावायचा की टक्कर खाऊन ठरावीक वेगानं गिरक्या घेत निघालेले रेणूच त्याला ओ देतात, बाकीचे न बघता निघून जातात. ओ देणाऱ्यांना पडद्यापर्यंत ओढून आणायचं, आणि प्रत्येक जण जिथे पोचेल तिथे एक ठिपका पडतो. असे ठिपके साचत गेले की त्यावरून टक्कर कशी झाली ते उलटं ओळखायचं. आगीच्या ज्वाळेत, वरच्या हवेत, जिथे जिथे म्हणून काही जळतं किंवा बदलतं तिथे आधी अशी टक्कर असते, म्हणून हा खटाटोप.

दाजी, तुम्हाला खोटं कशाला सांगू. मला ते चटकन समजलं, आणि समजल्याचं दाखवायचं नाही असं मी ठरवलं. हे तर सोमवारी सकाळी बंगल्याच्या खोल्या उघडण्याचंच काम आहे. पडद्यावर ठिपके पडत होते, एक इथे, एक तिथे, उगाच उडाल्यासारखे, आणि बघता बघता त्यांचं एक कडं तयार झालं, भाकरीएवढं गोल, एका बाजूला दाट. नुसते घासून गेलेले ते पुढच्या बाजूला, समोरासमोर धडकलेले ते मागे फिरलेले, असं तो बोटानं दाखवत गेला. पोरगा सांगताना एकदाही माझ्याकडे बघत नव्हता, कड्याकडेच बघत होता. खोटं बोलणारा माणूस समोरच्याकडे बघतो, कारण त्याला पटतंय का ते तपासायचं असतं. मला ते कडं आवडलं. हे मी कबूल करतो, पण तुमच्यापुरतं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. हे ठिपके टकरीचेच कशावरून? यावर हा मुलगा, दाजी, खूश झाला. आजवर मी असा प्रश्न विचारल्यावर खूश झालेलं मुलाकडचं माणूस पाहिलेलं नाही. म्हणाला, मामा, आमचं निम्मं आयुष्य याच संशयात जातं. आणि त्यानं एक कळ दाबून आर्गनची फुंकर बंद केली. आता टक्कर होणं शक्य नव्हतं. कडं नाहीसं झालं. पण मधोमध पाचपन्नास ठिपके तरीही पडतच राहिले. हे कोण, असं मी विचारलं. म्हणाला, “हे आमचेच. आमच्या लेझरनंच उठवलेले. टक्कर नसताना जे दिसतं ते बघणाऱ्यानं पाडलेलं असतं, म्हणून ते आधी वजा करायचं. ते न करता नवीन शोध लागला म्हणून नाचायचं नाही.”

त्यानंतर आम्ही बाहेर पायरीवर येऊन बसलो. मी म्हणालो, बरं, बाकी कसं चाललंय? तो हळूहळू सांगू लागला. कुणीतरी माणसं त्याच्या मागावर आहेत आणि का ते त्याला कळत नाही. संचालकांनी शुक्रवारी बोलावून घेतलं, लेखी खुलासा मागितला, आणि तो येईपर्यंत सोमवारपासून आत पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं, कारण कुंपणाच्या आत काय चालतं हे मुंबई, दिल्ली आणि टीव्ही विचारत असतील तर गोष्ट गंभीर आहे. बिस्मिल्ला मावशी त्याला मुलासारखं वागवायच्या, पण बँकेतल्या भल्या माणसानं दार नीट लावत जा म्हणून बजावल्यापासून त्यांनी खोली सोडायला सांगितली आहे. इंदुरीत गावकरी त्याच्या वडिलांना, मारुतरावांना, विचारतायत की पोरगं बाँब करतंय का. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दिसायला कशी होती ती माणसं? म्हणाला, धोंडिबा सांगतो मुंबईवाल्याच्या डोक्यावर लाल हेल्मेट होतं, चहा पितानाही काढलं नाही. दिल्लीवाल्याला काळा चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. टीव्हीवाल्याला तपकिरी मफलर.

मी मनातल्या मनात मला वजा करून पाहिलं. पडदा कोरा.

तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मी साऱ्या जगावर संशय घेतो, पण स्वतःवर घ्यायची सवय नाही. कामशेतच्या बाजारात एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर आपटत आपटत विमावाल्याचा मुंबईचा साहेब झाला होता आणि पेपरवाल्याला गाडी मिळाली होती, त्यामुळे समोर आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. दाजी, मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला लग्नकार्यात कधी वाटलेलं नाही.

पुढचं ऐका, ते महत्त्वाचं आहे. मारुतरावांनी ठरवलंय की हे मुलीकडच्यांच्या कानावर आज ना उद्या जाणारच, त्यांना नाही म्हणायचा संकोच होईल, आणि बोलणी मोडल्याचा ठपका पोरीवर यायला नको. म्हणून गुरुवारी ते स्वतः नारायणगावला येऊन स्थळ आमच्याकडूनच मागे घेतो असं तुम्हाला सांगणार आहेत. पोरगा म्हणाला, वडील चुकत नाहीत. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “एक मात्र आहे, मामा. एवढ्या माणसांत स्वतःच्या नावानं येऊन समोरासमोर विचारणारे तुम्ही एकटेच.”

यावर मी काय बोललो ते विचारू नका. सरबतात साखर जास्त आहे असं काहीतरी बोललो आणि निघालो. (रस्त्यात असंही मनात आलं की त्याला सगळं ठाऊक असावं आणि म्हणूनच तो असं बोलला. पण तो निरोप द्यायला फाटकापर्यंत आला आणि मोटारसायकल सुरू होईना तेव्हा ढकलत उतारापर्यंत गेला. ठाऊक असलेला माणूस ढकलत नाही.)

सबब माझा अभिप्राय असा, की मुलाच्या चालीरीतीत दोष सापडला नाही, व्यवसाय विचित्र पण प्रामाणिक आहे, आणि चौकशीच्या काळात त्याच्याभोवती काही संशयास्पद माणसं वावरताना दिसली, परंतु त्यांचा त्याच्याशी संबंध असल्याचं आढळलं नाही. पुढचा निर्णय आपण वडीलधारे आहात, आपणच घ्यावा. पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला हवा लागू देऊ नका.

आपला आज्ञेतला मेहुणा,
हौशीराम

ता. क. निर्णय आपणच घ्यावा असं वर लिहिलंय ते रीत म्हणून. तुम्ही गुरुवारची वाट बघू नका, त्याआधीच इंदुरीला जा. मारुतरावांना सांगा की ती चौकशी आमचीच होती, आमच्यातल्या एका अतिउत्साही माणसानं केली, मुलाचा काही दोष नाही. नाव सांगायची गरज नाही.

ता. क. दुसरा. त्यांनी नाव विचारलंच तर तुमचं सांगायला हरकत नसावी असं माझं मत आहे. तुमची उंची माझ्याएवढीच आहे, आणि हेल्मेट मी माऊलीबरोबर पाठवू शकतो. तुम्ही वयानं मोठे, तुमच्यावर कुणी रागावणार नाही. माझं इथे रोजचं जाणंयेणं आहे.

ता. क. तिसरा. वरचा ता. क. खोडायचा होता, पण खोडलं की लोकांना संशय येतो, म्हणून तसाच ठेवलाय. तो वाचलाच नाही असं समजा. पाकीट बंद करता करता मला राहवलं नाही. तसाच उठून हेल्मेट, चष्मा आणि मफलर पिशवीत घालून थेट कामशेतला गेलो आणि बिस्मिल्ला मावशींच्या ओट्यावर सगळं कबूल केलं. हेल्मेट घालून दाखवलं, काढलं, चष्मा लावून दाखवला, मफलर गुंडाळला. प्रदीप आणि धोंडिबाही येऊन उभे राहिले. (सफारी आणि केसांना तेल नव्हतं, त्यामुळे बँकवालाही मीच हे मावशींना पटेना.) मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि धोंडिबाला म्हणाल्या, “ह्यो पाचवा. पोराला वाचवाया धाडलाय कुनीतरी.” दाजी, खरं सांगूनही मी सुटलो नाही. आता बोलून काही होणार नाही, मी बोलून तर नाहीच. म्हणून खरी विनंती ही की तुम्ही, ताई आणि प्रेरणा, तिघंही बुधवारी या. कुठलंही निमित्त काढू नका. नारळ आणि साखर हातात दिसेल अशी धरा, भर बाजारातून चालत मावशींच्या ओट्यावर या आणि बसा, आणि ज्याला विचारायचं असेल त्याला आपलं नाव, गाव आणि आपण मुलीकडचे आहोत हे मोठ्यानं सांगा. मग तसेच संचालकांकडे आणि तिथून इंदुरीला. मी मागे चालेन. ओळख दाखवू नका असं म्हणणार होतो, पण दाखवा.

ता. क. शेवटचा. तुम्ही विचाराल की एवढी घाई कशाला, स्थळं काय दुसरी मिळणार नाहीत का. काल फाटकावर निघता निघता मी त्याला विचारलं होतं, तुम्ही आमच्या मुलीची चौकशी कुणाकुणाकडे केलीत? मला वाटलं होतं की त्यांचाही कुणी माणूस नारायणगावात फिरून गेला असणार, आणि तो कोण हे काढून घ्यावं. तो म्हणाला, कुणाकडे नाही, तिलाच विचारलं. काय विचारलं आणि ती काय म्हणाली, हे त्यानं सांगितलं नाही. आणि तुमचा विश्वास बसणार नाही, दाजी, पण मी विचारलं नाही.